ग्राफिक्स कार्डाचा दिवा तापमान सांगेल असा कसा लावायचा

रात्री खोलीतला दिवा बंद केला की कॅबिनेटच्या काचेतून ग्राफिक्स कार्डाचा उजेड भिंतीवर पडतो. संगणक नवा होता तेव्हा माझ्या भिंतीवर सगळे रंग एकामागून एक फिरत असत. आठवड्याभरात नजर त्याला इतकी सरावली की ते दिसेनासेच झाले. मग एकदा तोच दिवा तापमानाला जोडला आणि त्याच्याकडे पुन्हा लक्ष जाऊ लागलं, कारण आता तो काहीतरी सांगत होता. मे महिन्यात भाचा सुट्टीला येतो आणि तासन्‌तास गेम खेळतो. मी आतल्या खोलीत असलो तरी हाक येते, "मामा, केशरी झालं!" किती अंश झाले ते त्याला ठाऊक नसतं. केशरी झालं की कॅबिनेटला टेकवलेलं दप्तर उचलायचं आणि खोलीतल्या पंख्याचा वेग वाढवायचा, एवढं त्याला पाठ आहे.

हे करायला तासभर पुरतो. एका गोष्टीवर मात्र मी पहिल्यापासून भर देणार आहे: आधी आकडे घ्या, रंग नंतर निवडा. बहुतेक नवखे उलट करतात. सॉफ्टवेअर उघडतात, आवडीचे रंग निवडतात आणि कुठेतरी वाचलेले ५०, ७०, ८५ असे आकडे भरून मोकळे होतात. मग दिवा उन्हाळाभर लाल राहतो नाहीतर वर्षभर हिरवा, आणि दोन्ही वेळा त्यातून काहीच कळत नाही. तुमचं कार्ड, तुमचं कॅबिनेट आणि तुमची खोली यांचे आकडे तुम्हालाच घ्यावे लागतात.

पायरी १: कार्डावर कोणता दिवा आहे ते ओळखा

कार्डावर उजेड दिसतो म्हणून त्याचा रंग बदलता येईलच असं नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० फाउंडर्स एडिशनवरचं नाव हिरवंच उजळतं. आरटीएक्स ३०८० फाउंडर्स एडिशनवरचा दिवा पांढराच आहे. अशा कार्डांवर हा लेख वापरता येणार नाही. त्यापेक्षा कॅबिनेटमध्ये रंगीत पट्टी लावून ती तापमानाला जोडा. पुढच्या बहुतेक पायऱ्या तिलाही लागू पडतात.

दुसऱ्या प्रकारात दिवा आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग देणारा असतो आणि कार्डावरची एक छोटी चिप तो चालवते. असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक यांची बरीच कार्डं या प्रकारातली. या चिपशी बोलायला सॉफ्टवेअर लागतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. यात तापमानाप्रमाणे रंग बदलण्याची सोय कंपनीनेच केलेली असते. सफायरच्या २०१६ मधल्या नायट्रो प्लस आरएक्स ४८० वर दिव्याचे प्रकार बदलायला कार्डावरच एक छोटं बटण आहे, आणि त्या प्रकारांत एक तापमानाचा आहे. ईव्हीजीएने २०१७ मध्ये आयसीएक्स नावाची रचना आणली. त्यात कार्डाच्या पाटीवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पीसीबीवर, नऊ जादा तापमान सेन्सर बसवले आणि जीटीएक्स १०८० एफटीडब्ल्यू२ सारख्या कार्डांच्या कडेला जी, पी, एम ही तीन अक्षरं उजळवली. जी म्हणजे जीपीयू (कार्डाची मुख्य चिप), पी म्हणजे वीज पुरवणारा भाग आणि एम म्हणजे मेमरी. प्रत्येक अक्षर आपापल्या भागाच्या तापमानाप्रमाणे रंग बदलतं. एकच दिवा एकाच जागेचं तापमान दाखवतो. इथे नेमका कोणता भाग तापलाय ते कळतं. ईव्हीजीएने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदा बंद केला, त्यामुळे ही कार्डं आता जुन्या बाजारातच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे जुनं कार्ड घेणार असाल तर दुकानदाराला ते चालू करून दाखवायला सांगा आणि तिन्ही अक्षरं पेटतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

काही कार्डांना एक बारीक वायर किंवा जोडणीची जागा असते. तिथून दिवा मदरबोर्डला जोडला की मदरबोर्ड त्याचे रंग चालवतो. इथे हात घालण्याआधी पिना मोजा. तीन पिनांची एआरजीबी जोडणी ५ व्होल्टची असते आणि चार पिनांची साधी आरजीबी १२ व्होल्टची. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टला जोडले तर ते जळतात आणि पुन्हा कधी लागत नाहीत. प्लग थोडा जोर लावून बसतोय असं वाटलं तर तो चुकीच्या जागी आहे. तिथेच थांबा.

पायरी २: आपल्या कार्डाचे आकडे लिहून काढा

जीपीयू-झेड हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात सेन्सर्स नावाचा भाग आहे. तिथे कार्डाचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडा) आणि काही कार्डांवर मेमरीचं तापमान दिसतं. कुठल्याही आकड्यावर क्लिक करून तो आतापर्यंत कमाल किती गेला ते पाहता येतं. एचडब्ल्यूइन्फो वापरत असाल तर तेही चालेल.

आता तीन नोंदी घ्या. पहिली, संगणक चालू करून दहा-पंधरा मिनिटं नुसता डेस्कटॉपवर ठेवल्यावर. दुसरी, तुम्ही नेहमी खेळता तो गेम अर्धा तास खेळून झाल्यावर. तिसरी, युनिजिनचं सुपरपोझिशन किंवा असलाच एखादा जड बेंचमार्क, म्हणजे कार्डाची ताकद तपासणारं सॉफ्टवेअर, पंधरा मिनिटं चालवून. फरमार्कही चालतं, पण ते कार्डाला रोजच्या वापरात कधीच येणार नाही इतका ताण देतं, त्यामुळे त्याचा आकडा रोजच्या रंगासाठी धरू नका. आणि या तिन्ही नोंदींच्या शेजारी खोलीचं तापमान लिहायला विसरू नका. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो.

खोलीचं तापमान का, ते माझ्या वहीतल्या दोन पानांवरून सांगतो. जानेवारीत खोली २४ अंश होती तेव्हा माझं कार्ड रिकाम्या वेळी ३९ वर आणि गेममध्ये ६६ वर होतं. मे महिन्यात दुपारी खोली ३६ झाली, तेव्हा तेच कार्ड त्याच गेममध्ये ७६ वर गेलं आणि रिकाम्या वेळीही ५१ खाली उतरेना. कार्डात काहीच बिघडलं नव्हतं. पंखा कार्डावरची उष्णता खोलीच्याच हवेत सोडतो. हवा १२ अंशांनी गरम झाली की कार्डही जवळपास तेवढंच वर सरकतं. पंखे जोरात फिरून त्यातले एक-दोन अंश कमी करतात, इतकंच. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात विनाएसी खोलीत बसणाऱ्याचे आकडे आणि नाशिकच्या थंडीतले आकडे एकसारखे कसे येतील? एकाच्या सेटिंगचा दुसऱ्याला उपयोग नाही तो यामुळेच.

रिकाम्या वेळी कार्ड ४५-५० अंशांवर दिसलं आणि पंखे थांबलेले दिसले तरी घाबरू नका. आजकालची बरीच कार्डं हलक्या कामात पंखे मुद्दाम बंद ठेवतात आणि तापमान साधारण ५०-६० च्या पुढे गेलं की फिरवतात. हा आकडाही वहीत घ्या, तो पुढे उपयोगी पडेल.

पायरी ३: कार्डाची वरची मर्यादा शोधा

तुमच्या मॉडेलची कमाल तापमानाची मर्यादा कंपनीने दिलेली असते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० ला ती ९४ अंश आहे, आरटीएक्स ३०८० ला ९३ आणि आरटीएक्स ४०९० ला ९०. त्या मर्यादेजवळ गेलं की कार्ड आपला वेग आपणच कमी करतं. जळून जाऊ नये म्हणून ती सोय आहे, म्हणजे दिवा लाल झाला तर लगेच काही फुटणार नाही. पण गेम अडखळू लागतो आणि पंख्यांचा आवाज वाढतो, आणि दिव्याने आपल्याला सावध करायचं ते त्याच्या आधी.

हॉटस्पॉट हा वेगळा आकडा आहे. चिपवर बरेच सेन्सर असतात आणि त्यातला सगळ्यात गरम म्हणजे हॉटस्पॉट. तो नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणं सामान्य आहे. एएमडीच्या कार्डांवर तो जंक्शन या नावाने दिसतो, आणि आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी, २०१९ मध्ये, एएमडीने स्वतःच सांगितलं होतं की खेळताना जंक्शन ११० अंशांपर्यंत जाणं अपेक्षित आहे. नवख्यांची इथेच गडबड होते. कुणी हॉटस्पॉट ९५ बघून घाबरतो, कुणी मित्राच्या नेहमीच्या ७० शी आपला हॉटस्पॉट ताडून पाहतो. सारख्याशी सारखं ताडा. आरटीएक्स ५० मालिकेत तर हॉटस्पॉटचा आकडा या सॉफ्टवेअरांना मिळतच नाही, तेव्हा तिथे हा प्रश्न उरत नाही.

दिव्यासाठी नेहमीचं जीपीयू तापमानच घ्या, असं माझं मत आहे. हॉटस्पॉट क्षणात वर-खाली उडतो आणि दिवा त्याच्यामागे नाचत राहतो. हॉटस्पॉट आणि नेहमीचा आकडा यांतलं अंतर मात्र महिन्यातून एकदा बघत जा. ते पंचवीस-तीस अंशांवर गेलं तर चिप आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा कूलर नीट बसलेला नसेल.

पायरी ४: दिव्याचा मालक एकच ठेवा

मदरबोर्डचं एक सॉफ्टवेअर, कार्डाचं दुसरं, कीबोर्डचं तिसरं, असं करत संगणकात रंगांची तीन-चार सॉफ्टवेअरं जमतात. त्यातली दोन एकाच कार्डाशी बोलू लागली की दिवा लुकलुकतो, मधेच रंग बदलतो किंवा पार गोठतो. कार्डावरची दिव्याची चिप एका साध्या दोन तारांच्या वाहिनीवरून आदेश घेते आणि तिथे दोघांनी एकदम बोलणं तिला पेलत नाही. तेव्हा कोणतं एक ठेवायचं ते ठरवा आणि बाकीची काढून टाका. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, कारण त्यांचे तुकडे पार्श्वभूमीला चालू राहतात. काढल्यावर संगणक एकदा पूर्ण बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा आणि मिनिटभराने सुरू करा.

पायरी ५: सीमा कुठे आखायच्या

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, इथे वेळ द्या.

चार रंग पुरतात. माझं कार्ड धरून सांगतो. रिकाम्या वेळी ३९ ते ५१, गेममध्ये थंडीत ६६, उन्हाळ्यात ७६, वरची मर्यादा ९३. मी ५६ पर्यंत निळा ठेवला. त्यावरून डेस्कटॉपवर असताना कार्ड आरामात आहे हे कळतं. मी काहीच करत नसताना निळा गेला, तर पाठीमागे कुठलं तरी सॉफ्टवेअर कार्ड वापरतंय. ५६ ते ७९ हिरवा: कार्ड काम करतंय आणि ठीक आहे. ७९ ते ८५ केशरी: उन्हाळ्यातल्या नेहमीच्या आकड्याच्याही वर गेलंय, म्हणजे हवा अडलीय किंवा धूळ साचलीय. ८५ च्या पुढे लाल, म्हणजे मर्यादेच्या आठ अंश आधी. लाल झालं की गेम थांबवायचा.

प्रत्येक सीमेवर तुम्ही काय करणार ते आधी ठरवा. ज्या रंगावर करण्यासारखं काहीच नाही तो रंग ठेवू नका. पहिल्यांदा मी सहा रंग लावले होते. पिवळा आणि फिकट केशरी यांतला फरक अंधारात मलाच सांगता येईना, तेव्हा दोन काढून टाकले.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. ज्या आकड्यावर कार्ड जास्त वेळ रेंगाळतं त्या आकड्यावर सीमा ठेवू नका. माझी हिरव्या-केशरीची सीमा आधी ७५ वर होती. मे महिन्यात कार्ड ७४ आणि ७६ च्या मधे हिंदकळायचं आणि भिंतीवर हिरवा-केशरी-हिरवा असं चालू राहायचं. डोळे दुखायला लागले. सीमा ७९ वर नेली आणि तो त्रास संपला. म्हणून वहीतल्या आकड्यांच्या मधली मोकळी जागा शोधा आणि सीमा तिथे ठेवा.

पायरी ६: रंग पडद्यावर नको, दिव्यावर निवडा

सॉफ्टवेअरच्या खिडकीत दिसणारा रंग आणि कार्डावर उमटणारा रंग यांत फरक असतो, आणि पिवळ्या-केशरीत तो सगळ्यात जास्त जाणवतो. एका एलईडीत लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे असतात आणि प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा द्यायचा असतो. पडद्यावर लाल २५५, हिरवा १६५, निळा ० म्हणजे छान केशरी. तेच कार्डावर दिलं तर पिवळा दिसतो, कधी कधी हिरव्याकडे झुकलेला, कारण डोळ्याला हिरवा उजेड जास्त प्रखर जाणवतो आणि स्वस्त एलईडीत तो मंद करण्याचं गणितही पडद्यासारखं नसतं. माझ्या कार्डावर खरं केशरी लाल २५५, हिरवा ७०, निळा ० ला आलं. तुमच्याकडे हिरवा ५० ला येईल किंवा ९० ला. खोलीत अंधार करा, हिरव्याचा आकडा दहा-दहाने हलवत जा आणि पडद्याकडे न बघता भिंतीकडे बघा.

लाल पूर्ण शुद्ध ठेवा: २५५, ०, ०. निळ्यात थोडा हिरवा मिसळला तर तो डोळ्याला मऊ लागतो. माझा ०, ४०, २५५ असा आहे. घरात कुणाला लाल-हिरव्यात फरक कळायला अडचण असेल, आणि पुरुषांमध्ये ही अडचण दुर्मीळ नाही, तर हिरव्याच्या जागी पांढरा घ्या. निळा, पांढरा, केशरी आणि शेवटी लाल उघडझाप करणारा. सॉफ्टवेअर उघडझाप करू देत नसेल तर लाल बराच मंद ठेवा. रंग नाही ओळखला तरी उजेड कमी झालेला कुणालाही कळतो.

पायरी ७: आता प्रत्यक्ष सेटिंग

ज्यांच्या कार्डात तापमानाची सोय मुळात आहे त्यांनी आधी तीच वापरून बघावी. असूसच्या आर्मरी क्रेटमध्ये ऑरा सिंकच्या प्रकारांत स्मार्ट नावाचा प्रकार आहे, तो तापमानावर चालतो; तिथे प्रोसेसर आणि जीपीयू यांतलं जीपीयू निवडा. ईव्हीजीएच्या आयसीएक्स कार्डांवर जीटीएक्स १० मालिकेसाठी प्रिसिजन एक्सओसी आणि आरटीएक्स २० पासून पुढे प्रिसिजन एक्स१ लागतं. त्यात एलईडीच्या भागात जी, पी, एम यांचे रंग आणि ते बदलण्याचे टप्पे स्वतः भरता येतात. तिन्हींना सारखे टप्पे देऊ नका. वीज पुरवणारा भाग आणि मेमरी यांचं नेहमीचं तापमान वेगळं असतं, तेव्हा त्यांच्याही नोंदी पायरी २ सारख्याच घ्या.

सफायरच्या जुन्या नायट्रो प्लस कार्डांवर ट्रिक्स सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचा भाग आहे. तिथल्या तापमानाच्या प्रकाराच्या नावातच पीसीबी हा शब्द आहे. तो रंग चिपचं तापमान सांगत नाही, पाटीचं सांगतो. पाटी हळू तापते आणि हळू निवते. गेम बंद करून पाच मिनिटं झाली तरी रंग उतरला नाही, तर दिवा बिघडलेला नाही. पाटी अजून गरम आहे.

बाकी सगळ्यांसाठी ओपनआरजीबी. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं एकाच खिडकीतून चालवतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. आधी त्याच्या अधिकृत स्थळावरच्या यादीत आपलं कार्ड आहे का ते नेमक्या मॉडेलसह बघा. एकाच नावाची दोन कार्डं आतून वेगळी असू शकतात. यादीत नसेल तर जबरदस्ती करू नका. चुकीच्या चिपला चुकीचा आदेश गेला तर दिव्याची चिप कायमची बंद पडू शकते.

विंडोजवर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डाव्या बाजूच्या यादीत कार्डाचं नाव आलं की ते निवडा, प्रकारात डायरेक्ट घ्या आणि नुसता लाल रंग देऊन बघा. कार्ड लाल झालं म्हणजे रस्ता मोकळा आहे. झालं नाही तर पुढे जाऊ नका, पायरी ४ ला परत या.

मग त्याचं हार्डवेअर सिंक नावाचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, घ्या. सेटिंग्जमध्ये प्लगइन्स आहे, तिथून ते बसवायचं. प्लगइनची आवृत्ती मूळ सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी जुळावी लागते. बसवलं पण दिसत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ओपनआरजीबी बंद करून पुन्हा उघडलं की नवा भाग दिसेल. त्यात कार्ड निवडा, मोजण्यासाठी जीपीयूचं तापमान निवडा आणि रंगांचे टप्पे भरा.

हे प्लगइन दोन टप्प्यांच्या मधले रंग मिसळत नेतं. निळ्याकडून हिरव्याकडे जाताना ते सुंदर दिसतं, पण हिरव्याकडून लालकडे जाताना मधे मातकट पिवळे येतात आणि नेमकं काय चाललंय ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे टप्पे जोडीने भरायचे: ७८ ला हिरवा, ८० ला केशरी, ८४ ला पुन्हा केशरी, ८६ ला लाल. दोन अंशांत रंग पालटतो, मधला चिखल दिसत नाही, आणि उडी मारल्यासारखंही वाटत नाही.

लिनक्सवाल्यांना आय२सी-डेव्ह मॉड्यूल चालू करावं लागतं आणि ओपनआरजीबीचे यूडेव्ह नियम बसवावे लागतात, नाहीतर कार्ड यादीतच येत नाही.

डायरेक्ट आणि सेव्ह यांतला फरक इथेच समजून घ्या. डायरेक्टमध्ये रंग फक्त त्या क्षणापुरता जातो. सेव्ह टू डिव्हाइस केलं तर तो कार्डाच्या चिपमध्ये कायमचा लिहिला जातो. तापमानाच्या रंगांसाठी सेव्ह कधीही वापरू नका. दर सेकंदाला लिहीत राहिलं तर ती चिप झिजते, कारण तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते.

सेव्हचा एकच उपयोग करा, आणि तो मात्र नक्की करा. कार्डाचा कायमचा रंग चारांपैकी कोणताही न ठेवता वेगळाच ठेवा. मी जांभळा ठेवलाय. संगणक सुरू होताना, विंडोज येईपर्यंत दिवा जांभळा असतो. ओपनआरजीबीने ताबा घेतला की निळा होतो. तो जांभळाच राहिला, तर सॉफ्टवेअर सुरूच झालेलं नाही हे मला खुर्चीत बसता बसता कळतं.

पायरी ८: खोटा हिरवा ओळखा

डायरेक्टमधलं सॉफ्टवेअर मधेच बंद पडलं तर दिवा विझत नाही. शेवटचा जो रंग मिळाला होता तो तसाच धरून बसतो. म्हणजे कार्ड ८८ वर असेल आणि दिवा अर्ध्या तासापूर्वीचा हिरवा दाखवत असेल. माझ्याकडे हे संगणक झोपेतून जागा झाल्यावर झालं होतं. पंख्यांचा आवाज वाढला आणि भिंत शांत हिरवी, तेव्हा लक्षात आलं.

तपासायची सोपी रीत अशी: बेंचमार्क लावा आणि निळ्याचा हिरवा होतो का बघा. बंद करा आणि हिरव्याचा निळा परत येतो का बघा. दोन्ही झालं तर दिवा जिवंत आहे. झोपेतून जागं केल्यावर, विंडोजचं किंवा ड्रायव्हरचं (विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मोठं अपडेट आल्यावर आणि नवीन गेम बसवल्यावर ही तपासणी करा. ओपनआरजीबी संगणकासोबत सुरू व्हावं आणि प्लगइननेही आपोआप कामाला लागावं, या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत, दोन्ही लावा. एकच लावून पुढे गेलेले बरेच जण भेटतात.

आणि दिवा कितीही नीट लावला तरी पंख्यांचा वेग त्याच्यावर सोपवायचा नाही. तो कार्ड स्वतः सांभाळतं, त्याला सांभाळू द्या.

अडचण आली तर

विंडोजने सॉफ्टवेअर अडवलं तर आधी घाई करू नका. २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर विनरिंग-झीरो हा जुना ड्रायव्हर धोकादायक म्हणून अडवू लागला, आणि दिवे, पंखे, तापमान यांची बरीच फुकट सॉफ्टवेअरं त्याच ड्रायव्हरवर उभी होती. त्याच्यातला दोष खरा आहे, तेव्हा डिफेंडर बंद करून जुनी आवृत्ती चालवू नका. ओपनआरजीबीची नवी आवृत्ती घ्या. तिथे त्याऐवजी पॉनआयओ हा ड्रायव्हर वापरतात. काही ऑनलाइन गेमची फसवणूक रोखणारी यंत्रणाही असे ड्रायव्हर चालू देत नाही. तसा गेम खेळत असाल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली सोय वापरा, किंवा त्या वेळेपुरता दिवा जांभळा राहू द्या.

दिवा सतत केशरी राहत असेल तर सीमा वर ढकलण्याआधी कॅबिनेट उघडा. समोरच्या जाळीवर धुळीचा थर असतो, तो हाताला कापसासारखा लागतो. मऊ ब्रशने झाडा. हवेच्या डब्याने कार्डाचे पंखे साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते हवेने वेडंवाकडं फिरून बेअरिंग खराब होतं. माझ्या कार्डाचे गेल्या वर्षी एवढ्यानेच पाच अंश उतरले आणि आखलेल्या सीमांना हात लावावा लागला नाही.

काचेच्या दारातून रंग फिका दिसत असेल तर काच काळपट रंगाची असते हे लक्षात घ्या आणि रंग दार लावूनच निवडा. रात्री झोपताना उजेड नको असेल तर प्रखरता चौथाईवर आणा. अंधारात तेवढा पुरतो.

तिन्ही सीमा, त्या घेतल्या ती तारीख आणि खोलीचं तापमान मी एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. पहिल्या ओळीवर जानेवारी, दुसरीवर मे. तिसरी ओळ रिकामी आहे. पहिला पाऊस पडून खोली गार झाली की पुन्हा तीच तीन मोजमापं घेऊन ती भरायची आहे.